दोन लाव्हांमधलं तळं

कारा या गोड्या पाण्यातल्या शेवाळाचं जीवाश्म फळ मातीतून काढायचं असेल, तर आम्लाच्या बाटलीला हात लावायचा नाही. हे फळ चुन्याचं असतं. घाईने आम्ल ओतलं की माती मोकळी होते खरी, पण ज्याच्यासाठी खटाटोप तेच विरून जातं. म्हणून ढेकळं खडखडीत वाळवायची, रॉकेलमध्ये मुरवायची, रॉकेल निथळून कढत पाणी घालायचं. चिखल आपसूक सुटतो. बारीक चाळणीवर तो धुवायचा, मागे राहिलेली कणी वाळवून भिंगाखाली पसरायची आणि ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कण बाजूला करत जायचं.

तासन्‌तास नुसती वाळू दिसते. मग एखादा राजगिऱ्याएवढा गोळा सापडतो. त्याच्या अंगावर पाच पट्ट्या डावीकडे वळत वर चढतात आणि टोकाशी एकमेकींना भेटतात. टोक चपटं आहे की उंच, पट्ट्यांवर गाठी आहेत की नाहीत, बुडाचं भोक केवढं, यावरून प्रजाती ठरते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लामार्कने असे गोळे शंख-शिंपल्यांच्या वर्गात घातले होते. ती काराची फळं आहेत हे १८१२ साली लेमान यांनी ओळखलं.

जिवंत कारा आमच्या कर्जतकडे भातखाचरांच्या साचलेल्या पाण्यात मिळते. चुरडली तर लसणासारखा वास येतो, आणि बोटांना खरखरीत लागतो तो चुना.

या फळांची वाहतूक पाणपक्षी करतात. त्यामुळे प्लॅटिकारासारखी प्रजाती आपल्याकडे मिळते तशी युरोपात आणि चीनमध्येही मिळते, आणि तिथल्या थरांचं वय ठाऊक असलं की इथल्या थराला आधार मिळतो. दख्खनच्या लाव्हांमधल्या तळ्यांच्या गाळाला, म्हणजे अंतरा-ट्रॅपी थरांना, हा आधार फार मोलाचा ठरला. नागपूरजवळच्या टाकळीचे जीवाश्म हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला उजेडात आणले. वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी १९३४ साली वनस्पतींच्या आधारे हा लाव्हा तृतीयक काळातला ठरवला. भाटिया आणि मन्नीकेरी या संशोधकांनी १९७६ साली नागपूरजवळच्या कारांवर लिहिलं. पुढे टाकळीच्याच थरांतून डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे निघाले आणि तो थर क्रिटेशसच्या अखेरीचा मानला जाऊ लागला.

इथेच या कामाची मर्यादाही कळते. प्लॅटिकारा क्रिटेशस आणि तृतीयक यांच्यामधली ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची सीमा ओलांडून पलीकडेही जगली. एकट्या फळाच्या भरवशावर सीमेच्या अलीकडचं-पलीकडचं ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. सोबत ऑस्ट्राकोड (शिंपल्यासारख्या कवचाचे सूक्ष्म जलचर), माशांचे दात, परागकण हवेतच. झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकांवरून घाटातल्या लाव्हाचा मुख्य काळ सुमारे साडेसात लाख वर्षांचा ठरला आहे, आणि त्या आकड्यापुढे कारा बोथट वाटते. पण झिरकॉन थरोथर मिळत नाही. शिवाय लाव्हा थांबला होता, पाणी साठलं होतं, ते उथळ आणि निवळ होतं, तळापर्यंत ऊन पोचत होतं, हे झिरकॉन सांगत नाही. ते हे फळ सांगतं.

आमच्या दारातल्या कातळाला स्वतःची नावं आहेत: नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा. भूवैज्ञानिक या लाव्हांच्या गटांना याच नावांनी ओळखतात, आणि ते गट वेगळे केले ते मुख्यतः रसायनावरून. बोरघाटात दोन लाव्हांमध्ये तांबडा पट्टा दिसतो, ती उघड्यावर झिजलेली आणि वरच्या लाव्हाने भाजलेली माती. तिच्यात कारा शोधण्यात अर्थ नाही. तिला तळं लागतं. असं तळं पुढे मुंबईत झालं, आणि वरळीच्या त्या थरातून बेडकांचे सांगाडे निघाले. प्राणिशास्त्रज्ञ ओवेनने १८४७ साली त्यांचं वर्णन केलं.

खालापूर-कर्जतमध्ये अलीकडच्या वर्षांत डोंगर जेवढा फोडला गेला, तेवढा पूर्वी कधी फोडला गेला नसेल. खडीच्या खाणी, विहिरी, द्रुतगती मार्गाचं काम, पनवेल-कर्जत रेल्वेचा वावर्ल्याचा बोगदा. तुमच्या विहिरीत किंवा खाणीत दोन काळ्या कातळांच्या मध्ये राखाडी, मऊ, पाण्यात सुटणारी माती लागली, तर ती भरावात टाकू नका. पिशवीभर माती काढा, खोली आणि जागा चिठ्ठीवर लिहून आत ठेवा, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागाला कळवा. आम्ल मात्र कुणालाही घालू देऊ नका.