शेवट कसा करू?

परवा नाशिकला गेले होते, तेव्हा आठवीतला भाचा वही घेऊन आला. निबंधाचा विषय 'माझे आजोबा'. "मावशी, सगळं लिहून झालंय, फक्त शेवट राहिलाय. कसा करू?"

ही अडचण आमच्याकडे पिढीजात दिसते. आमच्या वेळीही प्रस्तावना, मुद्दे, समारोप असं फळ्यावर लिहून दिलं जायचं. समारोपात एखादं सुभाषित टाकलं की काम फत्ते. विषय नदी असो की झाडं, शेवटी सर्वांनी शपथ घ्यायची! आता मी शपथ घेत नाही एवढंच. गाडी अडली की 'असो' लिहून मोकळी होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

भाच्याच्या मनातला शेवट असा होता: 'असे हे माझे आजोबा मला खूप आवडायचे. आपण सर्वांनी वडीलधाऱ्यांचा आदर केला पाहिजे.'

मी वही पहिल्यापासून वाचली. अण्णा, म्हणजे माझे वडील, गोदावरीला पाणी वाढलं की पंचवटीत जाऊन बघून यायचे. धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातम्यांत कळतंच, पण नाशिककर विचारतो, "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" रामकुंडाजवळ नदीपात्रात उभी असलेली ही मूर्ती म्हणजे आमची पूर मोजायची पट्टी. गुडघा, कंबर, छाती... अण्णा सगळ्या गोतावळ्याला फोन करून कळवायचे.

भाच्यानं हे सगळं छान लिहिलं होतं आणि मध्येच एक वाक्य होतं: 'आजोबा गेल्यानंतरच्या पावसाळ्यात पाणी वाढलं, तेव्हा आजीला फोन मी केला.' त्यापुढे लगेच आजोबांची शिस्त आणि पेपर वाचायची आवड!

"हाच तुझा शेवट," मी म्हटलं.

"हा? यात तर काही सांगितलंच नाही."

"वाचणाऱ्याला कळतं रे."

"आणि मार्क कापले तर? समारोपात सारांश लागतो."

मग मी त्याला पसायदानाची आठवण करून दिली. शाळेत रोज म्हणतोच तो. सुमारे नऊ हजार ओव्या सांगून झाल्यावर ज्ञानेश्वरांनी अखेरीस सारांश कुठे काढलाय? मागणं मागितलंय, तेही साऱ्या जगासाठी. वाचणारा ग्रंथातून बाहेर पडतो तो हात रिकामे घेऊन नाही.

"मावशी, ते ज्ञानेश्वर होते. मला दहापैकी मार्क मिळतात."

यावर काय बोलणार! शेवटी तडजोड झाली. शिस्त आणि पेपर वर गेले, सरांसाठी सारांशाचं एक वाक्य आलं आणि त्याच्यानंतर, अगदी शेवटी, तो फोन.

रात्री माझा स्वतःचा कच्चा लेख उघडला. अण्णांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला नातेवाइकांनी मागितला होता. शेवट सापडत नाही, म्हणून तसाच पडलाय. खाली लिहून ठेवलं होतं, 'त्यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.' वाचून माझीच मला लाज वाटली. माणूसभर लिहिलेल्या अण्णांना मी त्या एका ओळीत फोटोत बसवून हार घातला होता. शेवट सापडत नव्हता असं नाही, तो करायचाच नव्हता मला.

ती ओळ खोडली. तिच्या वर २०१९च्या ऑगस्टमधला पूर होता. मारुती पाण्याखाली गेला होता, मी पुण्यात जागी होते आणि अण्णांचे फोनवर फोन चालले होते. त्यातला शेवटचा पाणी उतरू लागल्यावर आला:

"मारुतीचं डोकं दिसायला लागलंय गं. झोप आता."