बारामती ते सराटी : एका दुकानदार संताची वाट

ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढाच्या तोंडावर बारामतीस पोहोचते. महाराजांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला. बाजारपेठेतील अनेक घरांतून त्या दिवशी चहा, पाणी, जेवण दिले जाते. माळकरी मद्य-मांस वर्ज्य मानतो. त्यामुळे जैन घरचे ताट त्याला परके वाटत नाही, कांदा-लसूण तेवढा नसतो.

व्यापाऱ्यांच्या गावातून जाणारी ही पालखीही एका दुकानदाराची आहे. महाराजांच्या घराण्यात महाजनकी, दुकान आणि सावकारी होती. दुष्काळानंतर धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची कर्जखते त्यांना देऊन आपल्या वाट्याची तेवढी महाराजांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. येणे बुडवणारे पुष्कळ. आपले येणे स्वतःच्या हाताने बुडवताना भावाच्या हिश्शास धक्का न लावणारा विरळा.

पुढे काटेवाडीत परीट समाज वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतो व पालखी त्यांवरून जाते. मेंढपाळ आपली मेंढरे आणतात. ती पालखीभोवती धावत फेरे घालतात. कळपावर रोगराई येऊ नये, ही त्यामागची श्रद्धा. ज्याचा जो धंदा, तेच त्याचे पूजासाहित्य.

संसरनंतर बेलवडीचे गोल रिंगण. पांढरा सदरा, धोतर, टोपी किंवा फेटा घातलेले पताकाधारी आधी धावतात. मग नऊवारीतल्या, डोईवर तुळस घेतलेल्या स्त्रिया, मग विणेकरी. शेवटी अश्व सुटतात आणि त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी झुंबड उडते. निमगाव केतकीवरून इंदापुरास आल्यावर तेथेही असेच रिंगण भरते.

वाट मात्र पूर्वीची राहिलेली नाही. पाटस ते तोंडले-बोंडले या सुमारे १३० किलोमीटर पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. रुंद रस्ता व्यापारास सोयीचा, यात वाद नाही, आणि पायी चालणाऱ्यांसाठी कडेला वेगळी जागाही आखली गेली. पण रुंदीकरणात तुटलेल्या जुन्या झाडांची सावली कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेली नसते. नवी झाडे वाढेपर्यंत वारकऱ्याला विसाव्यासाठी गावच गाठावे लागते, आणि वाटेवरच्या घरांवरचा भार तेवढा वाढतो.

सराटीस नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान घातले जाते. मग पालखी नदी ओलांडून अकलूजच्या बाजूस, सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते.