मे महिन्यात जॅकेट घालून पळणारा पोरगा

आज रस्त्याच्या खड्ड्यांवर नाही, टँकरवर नाही, राजकारणावर तर नाहीच नाही. आज जे लिहितोय ते लिहायला मला वीस वर्षं लागली. पूर्ण वाचा, मग काय बोलायचं ते बोला.

पहाटे साडेपाचला धडगावच्या मैदानावर आलात तर भरतीची तयारी करणारी पोरं दिसतील. पाड्यांवरून अंधारात निघून येतात. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. आपल्या तालुक्यात पक्क्या नोकरीचा रस्ता म्हटला की पहिल्यांदा पोलीस भरतीच आठवते, हे तुम्हाला सांगायला नको. मीही सकाळी तिथे चालायला जातो.

त्या पोरांत एक एकोणीस वर्षांचा. १६०० मीटरला पहिल्या तिघांत. पण मे महिन्यात, उकाड्यात, अंगात जॅकेट. मला वाटलं घाम काढतोय, वजन कमी करतोय. एके दिवशी सरांनी टेप काढला. पोलीस भरतीत पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते आणि फुगवून ५ सेंटिमीटर वाढावी लागते. सगळ्यांनी शर्ट काढले, रांग लागली. हा पोरगा पोट धरून बाजूला झाला. म्हणाला, दुखतंय. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आठवड्याने त्याचा बाप बाजारात भेटला. "भाऊ, पोरगा भरतीचं नाव काढत नाही. घरातून निघत नाही. कुणाच्या नादाला लागला का बघा. तुमचं ऐकेल तो."

मी हो म्हटलं. पण मला विचारायची गरजच नव्हती. टेप बघून त्याचा उतरलेला चेहरा मी ओळखला होता, कारण एके काळी तोच चेहरा माझा होता.

मी नववीत होतो. दोन्ही निपलखाली सुक्या बोराएवढी गाठ आली. शर्ट घासला तरी दुखायचं. मग छाती वर दिसायला लागली, पोरींसारखी. कवायतीच्या तासाला एका सरांनी सगळ्यांसमोर मला एक नाव ठेवलं. ते नाव इथे लिहीत नाही. माझ्या वर्गातले जे कुणी हे वाचतायत त्यांना ते आठवेल. दहावी संपेपर्यंत माझं खरं नाव कुणी घेतलं नाही.

मग काय, खांदे पुढे वाकवून चालायचं, आतून दोन बनियन घालायचे, नदीवर पोहायला जायचं नाही. होळीला माझ्या वयाची पोरं नवस करून बुध्या झाली. उघड्या अंगावर पांढरे ठिपके, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप. मी एकाही वर्षी झालो नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमाला बाहेरगावी हॉस्टेलवर होतो, तिथे पहाटे चारला आंघोळ उरकायचो. लग्नात हळद लावतानाही बनियन काढलं नाही. बायको नंतर म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला थंडी वाजते." थंडी! एप्रिलमधलं लग्न होतं.

वडिलांना कधी सांगितलं नाही. आईला तर शक्यच नव्हतं. नोकरी लागल्यावर एका डॉक्टरकडे गेलो, ते हसले आणि म्हणाले वजन कमी करा. बारा किलो कमी केलं. चेहरा खप्पड झाला, छाती तशीच. पस्तिशीत दुसरे डॉक्टर भेटले. त्यांनी नीट तपासलं, कुठली औषधं चालू आहेत विचारलं, दारूचं विचारलं, लिव्हरची तपासणी करून घेतली, वृषणंही तपासली. दहा मिनिटांत सांगितलं, "ही चरबी नाही, ग्रंथी आहे. याला गायनेकोमास्टिया म्हणतात. तुमचं पुरुषपण कुठेही गेलेलं नाही." मी त्या खुर्चीत बसून रडलो. वीस वर्षांत हे वाक्य कुणी बोललं नव्हतं.

आता जे समजून घेतलं ते सांगतो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाचं हार्मोन आणि इस्ट्रोजेन हे बाईचं, असं आपण समजतो. खरं म्हणजे दोन्ही हार्मोन्स प्रत्येकाच्या अंगात असतात. वयात येताना त्यांचं प्रमाण काही काळ वरखाली होतं आणि मुलाच्या छातीतली ग्रंथी वाढते. हे लाखात एखाद्याला होत नाही. वयात येणाऱ्या जवळपास निम्म्या मुलांना थोडंफार होतं. बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप उतरतं. काहींचं राहून जातं. माझं राहिलं.

दुसरी कारणंही आहेत. लिव्हर खराब झालं, बऱ्याचदा दारूने, तर होतं. काही औषधांनी होतं. बॉडी बनवायची म्हणून जी स्टेरॉइडची इंजेक्शनं पोरं घेतात त्यांनी होतं, कारण जादा टेस्टोस्टेरॉनचं शरीर इस्ट्रोजेन करून टाकतं. छाती कमवायला गेला आणि भलतीच छाती घेऊन आला, असं होतं ते. आणि आपल्या जिल्ह्याने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट: बरेच दिवस उपासमार झालेल्या माणसाला पुन्हा पोटभर जेवण मिळायला लागलं की त्यालाही हे होऊ शकतं. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. म्हणजे हा काही फक्त खात्यापित्या घरच्या जाड मुलांचा प्रश्न नाही.

उपाय? वयात येणाऱ्या मुलाला बहुतेक वेळा फक्त धीर द्यावा लागतो आणि वाट बघावी लागते. अनेक वर्षं राहिलेली ग्रंथी शस्त्रक्रियेने काढता येते. शस्त्रक्रिया नवी नाही, सातव्या शतकातल्या एका ग्रीक वैद्याने तिचं वर्णन लिहून ठेवलंय. मोबाईलवर 'आठ दिवसांत सपाट छाती' म्हणून जी मलमं विकतात, त्यात पैसे घालू नका. मात्र गाठ एकाच बाजूला आणि कडक असेल, निपलमधून रक्त येत असेल, कातडी आत ओढली गेली असेल किंवा वृषणात गाठ लागत असेल, तर लाज सोडा आणि लगेच डॉक्टरकडे जा. स्तनाचा कॅन्सर पुरुषालाही होतो. कमी होतो, शंभर रुग्णांत एखादा पुरुष, पण होतो. आणि बऱ्याचदा लाजेपायी उशिरा कळतो.

आता आपल्या समाजाबद्दल. काठीची होळी बघितलीय ना? तिथे रात्रभर नाचणारे सगळे काय सिक्स पॅकवाले असतात? ढेरीवाला असतो, हडकुळा असतो, छाती लोंबलेला म्हातारा असतो. उघड्या अंगाने नाचतात आणि कुणी कुणाची छाती मोजत नाही. शेतात, नदीवर आपली माणसं उघडीच वावरली. पाड्यावर मला कुणी चिडवलंच नाही असं म्हणत नाही, चिडवलं. पण ते तेवढ्यापुरतं. माझी मान खाली घातली ती शाळेच्या मैदानाने. आणि आताच्या पोरांना मैदानाच्या जोडीला रील्स आहेत, चोवीस तास.

मी पत्रकार. झोळीतून दवाखान्यात नेलेल्या बाळंतिणीवर लिहिलं, कुपोषणावर लिहिलं, नर्मदेकाठच्या बुडालेल्या गावांवर लिहिलं. यावर एक ओळ नाही. का? कारण लिहिलं तर वाचणारा माझ्या छातीकडे बघेल. एवढंच कारण. त्या पोराने मैदान सोडलं त्यात माझ्या गप्प बसण्याचाही वाटा आहे.

म्हणून चार मागण्या. कुणावर आरोप नाही, विनंती समजा.

एक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-आश्रमशाळांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. त्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांना पडद्याआड, एकेकट्याला तपासावं आणि हे दोन वाक्यांत समजावून सांगावं.

दोन. शाळेत मुलींना पाळीची माहिती देतात, चांगलं आहे. त्या तासाला मुलांना खेळायला पाठवतात. त्यांनाही बसवा, त्यांच्या शरीरात काय होतं ते सांगा.

तीन. भरतीची तयारी करून घेणाऱ्या सरांनो, छाती खोलीत मोजा, एकेकाची. लष्कर आणि केंद्रीय दलांच्या वैद्यकीय तपासणीत याच कारणाने पोरं अपात्र ठरतात. जो पोरगा टेप बघून मागे सरतो, त्याला आधी डॉक्टरकडे पाठवा. दोन वर्षं पळून शेवटच्या दिवशी कळण्यापेक्षा ते बरं.

चार. सरांनो, मुलांना नावं ठेवू नका. तुम्ही संध्याकाळी विसरता.

त्या पोराला मी मोटरसायकलवर घाटात घेऊन गेलो. त्याला काही विचारलं नाही, माझंच सगळं सांगितलं. तो बराच वेळ खाली दरीकडे बघत होता. मग म्हणाला, "काका, तुम्ही अजून शर्ट काढत नाही?"

"नाही," म्हटलं.

"मग मला कसं सांगता?"

बरोबर होतं त्याचं. पण दोन दिवसांनी तोच आला, म्हणाला चला. ग्रामीण रुग्णालयात सोबत गेलो. डॉक्टरांनी चांगलं समजावलं आणि पुढे नंदुरबारला सर्जनला दाखवायला सांगितलं. शस्त्रक्रिया करायची की नाही ते तो आणि त्याचे आईवडील ठरवतील. सोमवारपासून तो मैदानावर आलाय. जॅकेट नाही, टी-शर्ट आहे. ही पोस्ट त्याला वाचून दाखवली, त्याने हो म्हटल्यावरच टाकतोय.

तुमच्या घरात एखादा पोरगा उन्हाळ्यात जॅकेट घालून फिरत असेल, वाकून चालत असेल, पोहायला जात नसेल, तर त्याच्यावर ओरडू नका. त्याला बाजूला घ्या आणि विचारा. विचारायला जमत नसेल तर माझ्याकडे पाठवा. मैदानावर मी रोज असतो.