एका बैठकीत न वाचायची गोष्ट

हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ वाचायला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असे: तीन तास. साधारण ४३ हजार शब्द, मिनिटाला अडीचशेचा वेग धरला तर त्याच्या थोडं आतच. जोडीला सूचनाही असे, की इंग्रजी जड आहे, वाक्यं लांबच लांब आहेत, संक्षिप्त आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. आता मी यातलं काहीच सांगत नाही.

मी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचत वाढलो. भयकथा हातात घेतली की संपवूनच उठायचं, हे अंगात मुरलेलं. एडगर अॅलन पोनेही १८४६ मध्ये लिहून ठेवलं होतं, की एका बैठकीत न संपणाऱ्या लेखनाचा एकसंध परिणाम हरवतो. तेव्हा, जिथं वाक्य दोनदा वाचावं लागतं तिथून भीती निसटते, असं माझं पक्कं मत होतं. १८९७ मध्ये मनगट दुखू लागल्यावर जेम्स टायपिस्टला मजकूर सांगून लिहवून घेऊ लागला. ही कथाही तशीच उतरली. वाक्यांचा पाल्हाळ त्यातूनच आला, असं मी खात्रीनं सांगत असे.

हे मत हललं ते मावशीमुळे. ती जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवत होती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर वाचायची बंदी, म्हणून मी तिला ही कथा मोठ्यानं वाचून दाखवत होतो. सहाव्या प्रकरणात मुलांना सांभाळायला नेमलेली गव्हर्नेस तळ्याकाठी शिवण घेऊन बसली आहे, छोटी फ्लोरा जवळच खेळते आहे. पलीकडच्या काठावर कुणीतरी आहे, हे गव्हर्नेसला न बघताच कळतं. पण ती मान वर करत नाही. हातातल्या टाक्यांवर नजर खिळवून ठेवते, मग आधी फ्लोराकडे बघते. पोर गप्प झालेली, पाण्याकडे पाठ फिरवून बसलेली, भोक असलेल्या चपट्या लाकडात दुसरा तुकडा डोलकाठीसारखा बसवण्यात गुंतलेली. अखेर गव्हर्नेस डोळे वर उचलते आणि प्रकरण तिथंच संपतं. तिला काय दिसलं, ते लेखक तिथं सांगतच नाही.

“म्हणजे पोरीनं बघितलं की नाही?” मावशीनं विचारलं.

मी पुढे वाचू लागलो, तर म्हणाली, “थांब रे. मागं जा. परत वाच.”

परत वाचलं. उत्तर नव्हतं. पुढच्या प्रकरणात गव्हर्नेस, घराचा कारभार बघणाऱ्या मिसेस ग्रोसला छातीठोकपणे सांगते, की फ्लोरानं पाहिलं. पण हे तिचं म्हणणं. आपण तर फक्त पाठमोरी मुलगी पाहिलेली असते. एकट्यानं भराभर वाचताना मी दर वेळी गव्हर्नेसचं म्हणणंच खरं धरून पुढे गेलो होतो. ज्या वाक्यांना मी पाल्हाळ म्हणत होतो, तीच गव्हर्नेसला मान वर करू देत नव्हती, आणि तेवढा वेळ आपणही त्या काठावर तिच्याबरोबर अडकून राहत होतो. भीती होती ती त्या अडकण्यात. संक्षिप्त आवृत्तीत नेमकं हेच कापलं जातं.

वाचनाची काठिण्यपातळी मोजणारी सूत्रं इथं तोकडी का पडतात, तेही तेव्हा कळलं. फ्लेश-किनकेड हे सूत्र वाक्यातले शब्द मोजतं, शब्दांतली अक्षरं मोजतं आणि इयत्ता सांगतं. ते १९७५ मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रशिक्षण पुस्तिकांसाठी बेतलेलं. पुस्तिकेतल्या वाक्याला एकच अर्थ हवा, नाहीतर यंत्र बिघडेल. जेम्सच्या वाक्याला दोन अर्थ हवेत, आणि ते दोन्ही शेवटपर्यंत टिकायला हवेत. गव्हर्नेसला दिसणारी भुतं खरी नाहीत, ते तिचे भास आहेत, अशी मांडणी समीक्षक एडमंड विल्सननं १९३४ मध्ये केली. तो वाद अजून मिटलेला नाही. कुठलं सूत्र ही अवघड जागा मोजणार?

वेळेचं म्हणाल तर मूळ वाचकांना ही कथा ‘कॉलियर्स वीकली’त हप्त्याहप्त्यानं मिळाली, १८९८ च्या जानेवारी अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. म्हणजे जवळजवळ तीन महिने. शिवाय कथेच्या सुरुवातीलाच नाताळात शेकोटीभोवती जमलेल्या मंडळींना डग्लस नावाचा एक जण गव्हर्नेसचं हस्तलिखित वाचून दाखवतो, तेही एका रात्रीत संपत नाही. हा तपशील माझ्या डोळ्यांसमोरच होता.

आता कुणी विचारलं तर सांगतो: मोठ्यानं वाचा, जमलं तर कुणाला तरी वाचून दाखवा, रोज दोन-तीन प्रकरणांपुढे जाऊ नका. मिनिटाला दीडशे शब्द धरले तर एकूण पावणेपाच तास लागतील, पण ते बऱ्याच संध्याकाळींत विभागलेले असू द्या.

एक मत मात्र कायम आहे. गव्हर्नेस आणि मिसेस ग्रोस यांचे मधल्या प्रकरणांतले काही संवाद मला आजही ताणलेले वाटतात. मावशीला तसं वाटत नाही. आमचं त्यावर अजून जमलेलं नाही.