शिवाय

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन खरेदीतल्या फसव्या क्लृप्त्यांची एक यादी जाहीर केली. एकूण तेरा प्रकार. त्यातल्या ‘ड्रिप प्रायसिंग’ला एका पुस्तिकेसाठी मराठी शब्द हवा होता. पहिला सुचला तो ‘ठिबक’, आणि तिथेच अडले. मराठीत ठिबक म्हटलं की डाळिंबाची बाग, काळ्या नळ्या, वाचलेलं पाणी डोळ्यांसमोर येतं. थेंबाथेंबानं मुळाशी देणारा शब्द थेंबाथेंबानं काढून घेण्याला कसा लावायचा? मी आवडीत राहते (गावाचं नाव ऐकून मराठी माणसं हमखास हसतात), तिथल्या तमिळचीही हीच पंचाईत. ‘सोट्टु नीर पासनम्’ म्हणजे ठिबक सिंचन, आणि तेही चांगलंच.

शब्दापेक्षा व्याख्या बोलकी आहे. किंमत आधी पूर्ण न सांगणं, हा तिचा एक भाग. खरेदी पक्की झाल्यावर ठरल्यापेक्षा जास्त रक्कम आकारणं, हा दुसरा. आणखी एक भाग असा की ज्याचे पैसे भरून झालेत तेच आणखी काही विकत घेतल्याशिवाय वापरू न देणं. हे शेवटचे दोन मला एकत्र वाचावेसे वाटतात. वस्तू आपली झाली, परत करणं अवघड झालं, की मग हात पुढे येतो. ‘वरातीमागून घोडं’ या म्हणीत घोडं नुसतं उशिरा येतं. इथे ते उशिरा येऊन वर नवरदेवाकडे चाऱ्याचे पैसे मागतं.

जुन्या मराठीत याला जवळचा शब्द सापडतो. पेशवाईच्या जमाखर्चात ‘ऐन जमा’ म्हणजे मूळ सारा, आणि ‘शिवाय जमा’ म्हणजे त्याखेरीज वसूल होणाऱ्या नाना बाबी आणि पट्ट्या. शिवाय! एका साध्या अव्ययाचा रकाना झाला. मला त्यातला प्रामाणिकपणा आवडतो. जास्तीचं घेतो आहोत, हे सरकार निदान स्वतःच्या वहीत तरी कबूल करत होतं.

आजच्या बिलांत ती कबुली नसते. प्रत्येक जादा रकमेला एक सभ्य नाव असतं, आणि भाषांतर करू गेलं की त्या नावाखाली काहीच सापडत नाही. रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटावर घेतात ते ‘सुविधा शुल्क’. नोव्हेंबर २०१६मध्ये, नोटाबंदीनंतर, ते थांबवलं आणि सप्टेंबर २०१९पासून पुन्हा सुरू केलं. गंमत म्हणजे उत्तरेकडच्या बोलण्यात ‘सुविधा शुल्क’ हा लाचेसाठीचा शिष्ट शब्द आहे. त्यापेक्षा चेन्नईचे रिक्षावाले परवडले. ऑगस्ट २०१३मध्ये सरकारने मीटरचे दर ठरवून दिले, पहिल्या १.८ किलोमीटरला २५ रुपये. तेव्हापासून ‘मीटरुक्कु मेले’, म्हणजे मीटरच्या वर, हा शब्दप्रयोग काही गेला नाही. पण तो बसायच्या आधी उच्चारला जातो. नको असेल तर चालू लागावं.

विजेच्या स्कूटरींचं प्रकरण याहून सुबक. केंद्राच्या फेम-२ योजनेत अनुदान मिळवायचं तर स्कूटरची कारखान्यातली किंमत दीड लाखाच्या आत हवी होती. तेव्हा काही कंपन्यांनी चार्जर वेगळा काढला आणि त्याचे पैसे निराळे लावले. चार्जरशिवाय ही स्कूटर म्हणजे दारातलं शोभेचं सामान, पण कागदावर तो ‘ऐच्छिक’. २०२३मध्ये चौकशी झाली आणि ओला, एथर, टीव्हीएस, हीरो मोटोकॉर्प यांना ग्राहकांना ते पैसे परत करावे लागले. यातल्या तिघांचे कारखाने आमच्याच राज्यात, होसूर-कृष्णगिरीच्या पट्ट्यात. पैसे परत मिळाले याचा आनंदच आहे, पण ते का मिळाले हेही पाहावं. सरकारचं अनुदान चुकीच्या हिशेबावर जात होतं म्हणून ही चक्रं फिरली. नुसता ग्राहकच नागवला गेला असता तर ती कितपत फिरली असती, याची मला शंका आहे.

ही शंका यायला कारण माझ्या शेजारचं. वरणगावच्या आयुध निर्माणीतून बदलून इथल्या रणगाड्यांच्या कारखान्यात आलेले एक काका निवृत्त झाले. क्वार्टर सोडायची मुदत ठरलेली, फ्लॅटचे सगळे हप्ते फिटलेले, गृहप्रवेशाचा मुहूर्त काढलेला. किल्लीच्या आठच दिवस आधी बिल्डरचं इंग्रजी पत्र आलं.

“ताई, बघता का जरा? मला आकडे कळले, बाकीचं नाही.”

एकूण मागणी तीन लाख चाळीस हजारांची. त्यात सोसायटीच्या कॉर्पस फंडाची रक्कम होती. ती करारात लिहिलेली होती, त्याबद्दल तक्रार नाही. पुढे ‘डॉक्युमेंटेशन चार्जेस’ पंचवीस हजार. काकूंनी विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, कागदपत्रांचा खर्च. “पण कागद तर आपणच नोंदवले ना? त्याचे पैसे तेव्हाच भरले.” माझ्याकडे दुसरं भाषांतर नव्हतं. सर्वांत मोठी ओळ होती उघड्या पार्किंगची, दीड लाख रुपये. काकांकडे एक जुनी स्कूटर.

यावर मात्र कायदा बोलतो. २०१६च्या रेरा कायद्यातल्या ‘सामाईक जागा’च्या व्याख्येत उघडं पार्किंग येतं. ते सगळ्यांचं असतं, त्यामुळे एकेकट्याला विकायला बिल्डरकडे उरतच नाही. त्याआधी, ३१ ऑगस्ट २०१०ला, सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात महाराष्ट्राच्या १९६३च्या कायद्याखाली हेच सांगितलं होतं. तिथे तर प्रश्न इमारतीच्या पायथ्याशी खांबांमधल्या जागेचा होता.

मी तसं पत्र लिहून दिलं, इंग्रजीत आणि तमिळमध्ये. दोन दिवसांनी पार्किंगची ओळ गेली. कारण कुणी सांगितलं नाही. पंचवीस हजारांची ओळ तशीच राहिली, आणि ती भरल्याशिवाय किल्ली नाही, असं फोनवर सांगण्यात आलं. फोनवरच. लेखी मागितलं तर मिळेना.

क्वार्टर सोडायला पाच दिवस उरले होते. भांडायला वेळ लागतो, आणि किल्ली ज्याच्या हातात असते त्याच्याकडे वेळच वेळ असतो. काका म्हणाले, भरतो. मी एवढंच सुचवलं की मागणीच्या पत्रावर ‘हरकत कायम ठेवून रक्कम भरत आहे’ असं लिहून सही करा आणि त्याच प्रतीवर त्यांचा शिक्का घ्या. काकांनी ते मराठीत लिहिलं, खाली मी तमिळमध्ये. कचेरीतल्या मुलीने तमिळ ओळ वाचली, आत जाऊन विचारून आली आणि मुकाट्याने शिक्का मारला.

ती प्रत काकूंनी कपाटात साड्यांखाली ठेवली आहे. रेराकडे करायच्या तक्रारीचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. काका म्हणतात, आधी बाल्कनीची गळती बघू. त्या मिस्त्रीने येऊन नुसतं बघण्याचे पाचशे मागितलेत.