कांद्याशिवाय

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. तिथून लासलगावचा बाजार जवळ. आमच्याकडे वर्षाचे तीन भाग पडायचे आणि तिन्ही कांद्याचे: लाल, रांगडा आणि उन्हाळ. उन्हाळ कांदा एप्रिलात निघाला की कांदाचाळीत भरायचा आणि भाव चढायची वाट बघत बसायचं. थोरल्या बहिणीचं लग्न, बोअरवेलचे पैसे, माझी हॉस्टेलची फी, सगळं त्या चाळीतून निघालं. खाण्यातही तोच. बाजरीच्या भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला, चुलीत भाजलेला, काळ्या मसाल्यासाठी तेलावर करपवलेला. ऊन लागलं तर खिशात कांदा, ताप आला तर तळपायाला कांद्याचा रस. सावता माळ्यांना कांद्यात विठ्ठल दिसला याचं आमच्या गावात कुणाला फारसं नवल वाटत नसे.

अशा घरातल्या मला आता कांदा चालत नाही.

पाळी आली तेव्हा मी आठवीत होते. सुरुवातीपासूनच दुखायचं, आणि ते दुखणं ओटीपोटात थांबत नसे. कंबर, मांड्या, शौचाला बसलं की आतून सुरी फिरावी अशी कळ. रविवारी आम्ही बहिणी कांद्याची पात कापायला बसायचो. त्यातल्या कित्येक रविवारी मी चाळीच्या सावलीत गुडघे पोटाशी घेऊन पडलेली असायची. आजी ओवा आणि गूळ हातावर ठेवायची. “लग्न होऊ दे, एक लेकरू होऊ दे, मोकळी होशील,” हे तिचं ठरलेलं वाक्य. अण्णांनी विचारलं तर आई सांगायची, “डोकं दुखतंय तिचं.” त्यामुळे माझ्या वडिलांच्या हिशेबी त्यांच्या धाकट्या लेकीचं दर महिन्याला डोकं दुखायचं. ते बिचारे बाजारातून येताना बामची बाटली आणायचे. आमच्या घरात बाम कधी संपला नाही.

नाशिकला कॉलेजात गेले तेव्हा पर्समध्ये मेफेनॅमिक ॲसिडच्या वेदनाशामक गोळ्यांची स्ट्रिप असायचीच. डॉक्टर बदलले. कुणी गॅस म्हणालं, कुणी ॲसिडिटी, एकाने अपेंडिक्सची शंका काढली. सोनोग्राफी नॉर्मल आली आणि ती नॉर्मल आल्यामुळे मी खोटी ठरले. पोटाच्या आतल्या पडद्यावरचे लहान लहान डाग साध्या सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही.

नाव कळलं ते लग्नानंतर, पुण्यात. डाव्या अंडाशयात गाठ होती आणि तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, “चॉकलेट सिस्ट आहे.” आत जुनं, दाट, तपकिरी रक्त साठतं म्हणून हे गोड नाव. 1921 साली जॉन सॅम्पसन या अमेरिकी डॉक्टरने अंडाशयातल्या या गाठींचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हापासून ते चिकटलं आहे. आजार एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशींची वाढ गर्भाशयाबाहेर होते: अंडाशयावर, आतड्यांवर, मूत्राशयावर. पाळीच्या संप्रेरकांना तीही दाद देते, तिथेही रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग सूज, मग व्रण, मग एक अवयव दुसऱ्याला चिकटणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पाळीच्या वयातल्या दहातल्या एकीला हे असतं. जगभरात सुमारे 19 कोटी बायका. दुखणं सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत कित्येक वर्षं जाणं, हाच या आजाराचा सगळीकडचा रिवाज. पद्मा लक्ष्मी, मॉडेल आणि खाद्यपदार्थांच्या कार्यक्रमामुळे प्रसिद्ध झालेली, अमेरिकेत राहणारी, हाताशी सगळं असलेली. तिलाही हे नाव वयाच्या 36व्या वर्षी कळलं. तेव्हा निफाडच्या मुलीने फार तक्रार करू नये.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. गाठ काढली, चिकटलेलं आतडं सोडवलं, नंतर डायनोजेस्ट या संप्रेरकाची रोज एक गोळी सुरू झाली. भेटायला आलेल्या नात्यातल्या एक काकू म्हणाल्या, “एवढा त्रास कशाला, पिशवीच काढून टाकायची ना.” हा सल्ला आपल्याकडे भाजीत मीठ घालावं इतक्या सहज दिला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या ऑपरेशनांची चौकशी करायला 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या 82 हजारांहून अधिक बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीजणींना खरोखर त्याची गरज होती? माझ्या आजारापुरतं सांगायचं तर वाढ पिशवीच्या बाहेर असते. बाहेरचं तसंच ठेवून नुसती पिशवी काढली तर दुखणं राहू शकतं. काकूंना हे समजावण्याइतका जीव तेव्हा अंगात नव्हता.

पाळीची कळ ऑपरेशन आणि गोळ्यांनी आटोक्यात आली. पोट मात्र ताळ्यावर येईना. सकाळी बरं असायचं, संध्याकाळी सातव्या महिन्याचं वाटावं इतकं फुगायचं. ऑफिसात मी सलवारची नाडी सैल करून बसायचे. कधी जुलाब, कधी चार दिवस काहीच नाही. या आजाराच्या बायकांमध्ये आतड्याच्या अशा तक्रारी फार असतात, आणि त्या बऱ्याचदा पोटबिघाडाच्या नावावर खपतात. डॉक्टरांनी मला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी आठवडाभराचं खाणं लिहून आणायला सांगितलं, कागद वाचला आणि विचारलं, “कांदा किती खाता?”

मी हसले. निफाडच्या माणसाला हा काय प्रश्न.

त्यांनी जे समजावलं ते असं. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टॅन नावाची शर्करांची साखळी असते. ती तोडणारं पाचकद्रव्य कुणाच्याच लहान आतड्यात नसतं. ती तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जीवाणू तिच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. हे सगळ्यांनाच होतं. पण ज्यांच्या ओटीपोटातल्या मज्जातंतूंना वर्षानुवर्षं दुखण्याची सवय लागलेली असते, त्यांना तेवढाच वायू कितीतरी जास्त टोचतो. हरभरा, राजमा, दूध, काही फळं यांतही अशा वेगवेगळ्या शर्करा. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी या सगळ्यांना मिळून ‘फॉडमॅप’ हे नाव दिलं आणि त्या कमी करण्याचा आहार बसवला. पुढे तिथेच एंडोमेट्रिओसिसच्या रुग्णांवर केलेल्या आणि 2025 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत, या आहारावर दहातल्या सहाजणींच्या पोटाच्या तक्रारी ठळकपणे कमी झाल्या. नेहमीसारख्या आहारावर हे प्रमाण दहात तिघींहूनही कमी होतं. लक्षात घ्या, पोटाच्या तक्रारी. गाठी विरघळल्या असा दावा तिथे कुणी केलेला नाही.

काही आठवडे सगळं बंद, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा, असा बेत ठरला. घरी सांगताना सासूबाईंचीच धास्ती होती, आणि त्याच सर्वांत आधी तयार झाल्या. त्या चातुर्मास पाळतात. आषाढात कांदेनवमीला कांद्याची भजी, थालीपीठ, झुणका असा घरातल्या कांद्याचा फडशा पाडायचा आणि मग चार महिने कांदा-लसणाचं नाव नाही, असं त्यांच्या माहेरी चालत आलेलं. “तुझा चातुर्मास बाराही महिने, एवढंच,” त्या म्हणाल्या आणि पदर खोचला. वाटणात कांद्याऐवजी सुकं खोबरं, तीळ, धणे. चवीची उणीव हिंगाने भरायची. तिथे एक गोम निघाली. दुकानातल्या डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, ते आम्ही डबी उलटी करून वाचायला शिकलो. लसणाची युक्ती आहारतज्ज्ञ बाईंनी दिली. फ्रुक्टॅन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. तेलात अख्ख्या पाकळ्या परतायच्या, त्या काढून टाकायच्या आणि त्या तेलाची फोडणी द्यायची. डाळीला लसणाचा वास येतो आणि पोटाला पत्ता लागत नाही. कांद्याच्या पातीचा हिरवा भागही चालतो. पोळीची जागा ज्वारीच्या भाकरीने घेतली, डाळ-उसळीची वाटी लहान झाली. उपासाची भगर आणि राजगिरा आमच्याकडे एरवीचे झाले.

अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाले, “कांद्याने कुणाचं पोट दुखतं का?” तो डिसेंबर 2023 होता. निर्यातबंदी नुकतीच लागली होती, भाव कोसळले होते, आणि त्यात पोटची लेकसुद्धा कांद्यावर उठली.

पण याच कांद्याने माझं एक काम केलं, जे त्याआधी कुणाला जमलं नव्हतं. आपल्याकडे पथ्य ही मानाची गोष्ट आहे. पंगतीत, चार पुरुषांसमोर, मी मोठ्याने म्हणू शकते की मला कांदा चालत नाही. लगेच यजमान धावतात, वेगळी वाटी येते, कुणीतरी आपल्या मधुमेहाची हकिगत लावतं. त्याच पंगतीत पाळीचं दुखणं उच्चारलं असतं तर ताटांवर माना खाली गेल्या असत्या. कांद्याच्या आडून मी आजार बोलायला लागले. का चालत नाही, असं कुणी विचारलं की सांगायचे, आणि हळूहळू अर्धं न सांगता पूर्ण सांगायला लागले. एकदा माहेरी गेले असताना अण्णांनीच विषय काढला. “नेमकं झालंय काय तुला?” मी शब्द न चोरता सांगितलं. ते ऐकत होते. “म्हणजे चाळीत एक सडला की शेजारचे चिकटत जातात, तसं?” म्हणाले. बरंचसं तसंच, मी म्हणाले. मग त्यांनी आईकडे बघून विचारलं, “आणि ते डोकं दुखायचं ते?” आई उठून आत गेली.

या आजाराला आहाराने बरं करतो म्हणणारे पुष्कळ भेटतात. बियांचं चक्र, अमुक रस, तमुक चूर्ण, ‘संप्रेरकं संतुलित करणारा’ महागडा डबा. माझं मत सरळ आहे: जो गाठ घालवण्याची हमी देतो त्याला पैसे देऊ नयेत. जे खरोखर तपासलं गेलंय ते पुष्कळ साधं आहे. अमेरिकेतल्या सुमारे 70 हजार परिचारिकांची वर्षानुवर्षं पाहणी झाली. 2010 साली त्यातून आलेल्या निष्कर्षांत माशातल्यासारखं ओमेगा-3 सर्वांत जास्त खाणाऱ्यांमध्ये हे निदान 22 टक्क्यांनी कमी आढळलं आणि ट्रान्स फॅट सर्वांत जास्त खाणाऱ्यांमध्ये 48 टक्क्यांनी जास्त. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. आमच्या घरी बांगडा येतो आणि वनस्पती तुपातली खारी येत नाही, इतपत मी तो मानते. जवसाची चटणी आवडते म्हणून खाते. तिच्यातल्या ओमेगा-3चं माशातल्यासारख्या रूपात शरीर फार थोडंच रूपांतर करतं. ग्लुटेन सोडल्याने 207 पैकी पाऊणशे टक्के बायकांचं दुखणं कमी झालं, असा 2012चा एक इटालियन अभ्यास नेहमी तोंडावर फेकला जातो. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे कुणी सांगत नाही. गहू सोडल्यावर ग्लुटेनबरोबर फ्रुक्टॅनही जातं, मग बरं नक्की कशाने वाटलं?

माझ्या बाबतीत उत्तर मिळालं ते पदार्थ परत आणताना. एक पोळी चालते, तीन चालत नाहीत. दही चालतं. मुगाची उसळ थोडी चालते, छोले नाहीत. कच्चा कांदा दोन फोडी खाल्ला की संध्याकाळपर्यंत पोट ढोलकं होतं, आणि पाळीच्या आठवड्यात तर भाजलेलाही सोसत नाही. म्हणून कांदा गेला, बाकीचं बरंच परत आलं. ते परत आणणं मला सोडण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. रक्तस्राव जास्त, त्यात ताट रिकामं, असं झालं तर हिमोग्लोबिन आणखी खाली जातं. माझी गोळी हाडांची घनता थोडी कमी करू शकते, म्हणून दूध कमी झाल्यावर नाचणी आणि तीळ मुद्दाम वाढवले. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. जिचा आहार नुसता ‘हे नको, ते नको’ असा होत जातो, ती काही महिन्यांत थकते. अशा बायका मी पाहिल्या आहेत.

दुखणं गेलेलं नाही. वाईट दिवस येतात, तेव्हा भाकरी असो की पोळी, काही फरक पडत नाही. गोळी घ्यायची आणि गरम पाण्याची पिशवी पोटावर धरून पडायचं. दर वर्षी सोनोग्राफी होते. आहाराने मला संध्याकाळचं पोट परत दिलं. माझ्या लेखी ते लहान नाही.

तुमच्या घरात एखादी मुलगी दर महिन्याला शाळा बुडवत असेल, पाळीत शौचाला जाताना कळवळत असेल, तर तिच्या ताटातला कांदा काढण्याआधी तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. एंडोमेट्रिओसिस असू शकतं का, असं नाव घेऊन विचारा. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून उठून येऊ नका. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेच्या 2022च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तपासणीत काही दिसलं नाही तरी आजार नाही असं धरता येत नाही, आणि उपचार सुरू करायला दुर्बिणीच्या ऑपरेशनची वाट पाहावी लागतेच असंही नाही. आणि तिच्या वडिलांना तिचं डोकं दुखतंय असं सांगू नका.