सुतळीची रेष

प्रकाशा या गावी गेलो की आधी केदारेश्वरासमोर हात जोडतो आणि मग तापी-गोमाईच्या संगमाकाठची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, पाहायला जातो. लोक या गावाला दक्षिण काशी म्हणतात. आम्हा खापरं चितारणाऱ्यांचंही ते तीर्थच.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी १९५५ साली इथं उत्खनन केलं. तेव्हा हा मुलूख पश्चिम खानदेशात मोडत होता. तळाशी ताम्रपाषाणयुगीन वस्ती निघाली: आधी माळवा पद्धतीची रंगवलेली भांडी, मग त्यांच्या जोडीला जोर्वे. त्यावर लोखंड वापरणाऱ्यांची काळी-तांबडी खापरं, आणखी वर उत्तरेकडची काळी झिलईदार. थापर हे पुरातत्त्वज्ञ व्हीलरच्या तालमीतले. खड्ड्याच्या कडा उभ्या कापायच्या, थरांना क्रमांक द्यायचे, प्रत्येक खापर आपल्या थराच्या पिशवीत टाकायचं. सविस्तर अहवाल आला तो 'एन्शंट इंडिया'च्या २०-२१ या जोडअंकात, १९६४-६५चा. मधली इतकी वर्षं सगळी भिस्त पिशवीतल्या चिठ्ठीवर. खड्डा तर कधीच बुजलेला असतो. खणणं म्हणजे वाचता वाचता पान फाडत जाणं. दुसरी प्रत नसते.

'शिस्त' हा शब्द फारसीतून आलेला. नेम धरणं, सरळ रेषेत असणं हा त्याचा जुना अर्थ मला फार जवळचा वाटतो. उत्खननात रोज सकाळी खुंट्यांना ताणून बांधलेली सुतळी बघताना तो आठवतो. शाळेत शिस्त म्हणजे गप्प बसणं होतं. इथं तिचा अर्थ थापी थांबवणं. मातीचा रंग जरा पालटला, हाताला भुसभुशीत लागली, की थांबायचं. खाली रंगीत काठ डोकावत असतो, तो उपसून बघायची अनावर ओढ असते. तरीही आधी वरचा थर पुरता काढायचा. हे मला अजूनही जड जातं.

विद्यार्थी असताना, एका दुसऱ्याच उत्खननात, संध्याकाळच्या घाईत माझ्या हातून दोन थरांच्या पिशव्या एकत्र सांडल्या. कोणतं खापर कुठलं, हे मला बहुतेक ओळखता येत होतं. मी अंदाजानं वाटणी करून ठेवली. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. दोन्ही पिशव्या पुन्हा एक करायला लावल्या आणि चिठ्ठीवर माझ्याच हातानं लिहून घेतलं, 'थर अनिश्चित'. सुंदर खापरं होती ती, एकावर हरणांची ओळ होती. मोजणीत त्यातलं एकही धरलं नाही.

आता माझ्यासमोर खापरं चितारायला शिकणारी मुलं बसतात. काठाचा तुकडा फळीवर उपडा ठेवून हलवत राहायचा, तो डगमगायचा थांबला की भांड्याचा खरा कल सापडतो. एखादी मुलगी घाईनं रेघ ओढते. मी तिला तुकडा पुन्हा ठेवायला सांगतो. ती ठेवते, वाकून बघते, खोडरबर घेते.